पंडिता रमाबाईंची आज्ञाधारकता

वैनगंगेच्या खोऱ्यात, ब्रह्मपुरीच्या मुलखात राहणाऱ्या आम्हांस पावसाचा धाक काय असतो हे कोणी शिकवावयास नको. आमचे पोट धानावर, आणि धान तळ्यांवर व शेवटच्या पावसावर. तो चुकला की लोंब्या पोचट राहतात. इ. स. 1896 साली मध्यप्रांतात पाऊस मध्येच थांबला व मोठा दुष्काळ पडला. ब्रह्मपुरी तेव्हा याच प्रांताच्या चांदा जिल्ह्यात होती. ही वार्ता पुण्यास पंडिता रमाबाईंच्या कानी गेली.

दुष्काळ हा शब्द त्यांस नवा नव्हता. त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. आणि त्या मातेने ते रमेस दिले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. 1874 च्या सुमारास दक्षिणेत अन्न दुर्मिळ झाले व गाठीचे सर्व संपले. अकरा दिवस त्यांनी अरण्यात झाडपाल्यावर काढले. प्रथम वडील गेले. मग आई अंथरुणास खिळली, तेव्हा रमा शेजारणीच्या दारी भाकरीचा तुकडा मागावयास उभी राहिली. पण लाजेने तिच्या तोंडून शब्द फुटेना. शेजारणीने बाजरीची भाकरी दिली, परंतु आईस ती गिळवेना. आई वारल्यावर खांदा देण्यास माणसे पुरेनात. भाऊ श्रीनिवास व दोन ब्राह्मण मिळाले. चौथी रमाच, आणि ती ठेंगणी असल्यामुळे तिरडीचे टोक तिला डोक्यावर घ्यावे लागले.

पुढील हकीकत प्रसिद्ध आहे, म्हणून आम्ही ती थोडक्यात उरकतो. 1878 साली बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचली व तेथील विद्वानांनी रमाबाईंस पंडिता ही पदवी दिली. 1880 साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, 1882 साली वैधव्य, कडेवर लहानगी मनोरमा. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 साली मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले.

एक गोष्ट मात्र येथे सांगितलीच पाहिजे. आज्ञाधारक म्हणजे कोणीही सांगावे व मान हालवावी, असे पुष्कळांस वाटते. रमाबाई तशा नव्हत्या. वाँटेज येथील सिस्टर जेराल्डीन यांच्यावर त्यांचे प्रेम होते, तरी धर्ममतांविषयी पत्रव्यवहारात त्यांनी आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाही धर्माधिकाऱ्याच्या हाती दिली नाही. 1893 साली पुण्यास वाद माजला, रानडे, भांडारकर यांसारखे थोर सल्लागार दूर झाले, मुलींची नावे कमी झाली. तरीही आपल्या प्रार्थनेच्या खोलीचे दार त्यांनी लावून घेतले नाही. ज्याचे ऐकावयाचे तो कोण, हे त्यांनी आधीच ठरविले होते.

अशा स्थितीत 1896 ची वार्ता आली. मनुष्यबुद्धीने पाहता पुण्यासच स्वस्थ बसणे शहाणपणाचे होते. अमेरिकेतील मंडळीने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते, त्याची मुदत 1898 साली भरणार होती. शाळेत जागा बेताची. हाती पैसा थोडा. केडगाव येथे घेतलेल्या जमिनीत फळझाडे नुकती कोठे धरू लागली होती. परंतु आपल्या बालपणीची ती भूक देवाने उगाच दाखविली नव्हती, हे त्यांच्या मनाने घेतले. योनाने निनवेची हाक ऐकली आणि तार्शीशाचे जहाज गाठले. असले जहाज बंदरास नेहमी लागलेलेच असते. रमाबाईंनी आगगाडी धरली ती दुष्काळाकडे जाणारी.

त्या आमच्या चांद्याकडे नव्हे, तर उत्तरेस नर्मदेकाठच्या जिल्ह्यांत गेल्या. तेथील अनाथगृहे, रस्ते, झाडांच्या सावल्या त्यांनी धुंडाळल्या. उपासाने जर्जर झालेल्या मुली व तरुण विधवा, ज्यांस दुष्ट माणसे अन्नाचे आमिष दाखवून नेत, त्यांस त्यांनी उचलून आणले. अशा सुमारे 300 जणी झाल्या. इतक्यात पुण्यात प्लेग! शहरात इतक्यांस ठेवण्याची सोय राहिली नाही, तेव्हा सर्वांस केडगावच्या माळावर तंबूंत व झोपड्यांत नेले. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले.

आणि मग रोजचे काम सुरू झाले, जे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. इशारा एका दिवसात येतो. त्याचे पालन वर्षानुवर्षे पहाटे उठून करावे लागते. जखमा धुणे, धान्य निवडणे, विहिरी खणणे, आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविणे, माग, तेलघाणा, छापखाना, हे सर्व त्यात आले. 1900 साली गुजराथच्या दुष्काळानंतर केडगावी सुमारे 1,900 माणसे जेवीत होती.

उतारवयात रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईसही कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र असावे, म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण भाषांतरास बसल्या. खिळे जुळविण्यास मुक्तीतल्याच मुली होत्या. 1921 च्या जुलैत मनोरमा वारली, तरी लेखणी थांबली नाही. अखेरची मुद्रिते तपासून झाल्यावर थोड्याच दिवसांनी, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.