अडीच हजार डॉलर नाकारणारा बिल क्लेम बेसबॉलच्या अंपायर लोकांचा बाप कसा ठरला?

क्रिकेटमध्ये मुख्य अंपायर बॉलरच्या बाजूला उभा असतो. बेसबॉलमध्ये बरोबर उलटं. तिथं तो कॅचरच्या मागे वाकून उभा राहतो, म्हणजे बॉल थेट त्याच्याच दिशेने येतो. बॅटरने बॅट फिरवली नाही, तर बॉल १७ इंच रुंद होम प्लेटवरच्या ठरलेल्या उंचीतून गेला का, हे त्याने सांगायचं. गेला तर स्ट्राइक, नाही तर 'बॉल'. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. त्यामुळे प्रत्येक निर्णयावर भांडण ठरलेलं.

या कामाला वजन मिळवून देणारा माणूस म्हणजे बिल क्लेम. जन्म १८७४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा. १९०५ मध्ये तो नॅशनल लीगमध्ये अंपायर झाला.

तेव्हा बरेच अंपायर छातीसमोर गादीसारखं मोठं पॅड धरायचे. त्यामुळे नीट खाली वाकता यायचं नाही आणि कॅचरच्या डोक्यावरून बघावं लागायचं. खालून आलेला बॉल नीट दिसणार कसा? क्लेमने कोटाच्या आत बसणारं लहान पॅड वापरलं. आता त्याला कॅचरच्या खांद्याजवळ वाकून बॉल बघता येऊ लागला. नॅशनल लीगने हीच पद्धत उचलली. अमेरिकन लीगमध्ये मात्र मोठं पॅड पुढे कित्येक दशकं टिकलं.

स्ट्राइकला हात वर करायची खूण सगळ्यात आधी कोणी केली, यावर अजून वाद आहे. पण हाताच्या खुणा रुळवण्यात क्लेमचा वाटा मोठा.

खरी परीक्षा झाली १९०८ मध्ये. न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्स बरोबरीत होते आणि ८ ऑक्टोबरची मॅच जिंकणारा वर्ल्ड सिरीजला जाणार होता. मॅचआधी जायंट्सच्या डॉक्टरने क्लेम आणि त्याचा जोडीदार जॉनस्टोन यांना अडीच हजार डॉलरची लाच देऊ केली. दोघांनी पैसे नाकारले आणि वर तक्रारही केली. कब्स ४-२ ने जिंकले. डॉक्टरला बेसबॉलच्या मैदानांची दारं बंद झाली.

भाऊ तापट पण होता. वाद वाढला की बुटाने मातीत रेघ ओढायचा आणि पाठ फिरवून निघून जायचा. रेघ ओलांडली की खेळाडू मैदानाबाहेर. कॅटफिश या टोपणनावाने कोणी चिडवलं, तरी तीच शिक्षा.

१८ वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने अंपायरिंग केलं. हा विक्रम आजही कायम आहे. १९४१ मध्ये, ६७ व्या वर्षी तो मैदानावरून निवृत्त झाला आणि लीगच्या अंपायरांचा प्रमुख बनला. १९५१ मध्ये त्याचं निधन झालं. दोन वर्षांनी टॉम कॉनोली आणि क्लेम हे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले पहिले अंपायर ठरले.

आज बॉलचा मार्ग कॅमेरे मोजतात. क्लेमकडे मात्र दोन डोळे, उभं राहायची योग्य जागा आणि विकला न जाणारा शब्द, एवढंच होतं.