डॉ. बी. जी. एल. स्वामी : पेशीची भिंत वाचणारे शास्त्रज्ञ



बसवनगुडीत राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला बुल टेंपल रस्त्यावरची गोखले संस्था आपलीच वाटते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाने १९४५ मध्ये ती स्थापन केली थोर कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी. आज मी त्यांच्या चिरंजीवांची, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. बी. जी. एल. स्वामी यांची ओळख करून देणार आहे.

स्वामींचा जन्म १९१८ चा. बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकून पुढे ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात प्रा. अर्व्हिंग बेली यांच्याकडे संशोधनासाठी गेले. लाकडाच्या पेशींची भिंत आणि तिच्यातील सेल्युलोजची रचना हा बेलींचा खास अभ्यासविषय.

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो रेणूंची लांब साखळी. अशा साखळ्यांच्या जुड्या होऊन सूक्ष्म तंतू बनतात आणि ते पेशीभोवती थराथराने, प्रत्येक थरात निराळ्या दिशेने गुंडाळले जातात. दोराचे पीळ आठवा, म्हणजे ही ताकद कळेल. तंतूंमधल्या जागेत लिग्निन भरते. म्हणूनच झाड वाऱ्यात उभे राहते आणि पाणी वर ओढले जाताना पेशी चेपत नाहीत.

बहुतेक सपुष्प वनस्पतींत एकावर एक असलेल्या पेशींमधल्या आडव्या भिंतीत आरपार छिद्रे पडतात आणि पाण्यासाठी सलग नळी तयार होते. मोजक्या वनस्पतींत मात्र ती भिंत तशीच राहते. पाणी तिच्यातल्या बारीक खळग्यांतून झिरपत जाते. १९५० मध्ये स्वामी आणि बेली यांनी सारकँड्रा या झुडपाच्या लाकडात नळ्या नाहीत, असे मांडले. सपुष्प वनस्पतींचे पूर्वज कसे असावेत, या प्रश्नाशी हा शोध जोडलेला होता. याच झुडपाच्या एका जातीला स्वामींनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

पुढे ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले. विद्यार्थ्यांना घेऊन केलेल्या जंगलभटकंतीवर त्यांनी 'हसुरु होन्नु', म्हणजे 'हिरवे सोने', हे कन्नड पुस्तक लिहिले. त्यातली चित्रेही त्यांचीच. १९७८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

१९८० मध्ये स्वामी गेले. १९८७ मध्ये शेर्विन कार्लक्विस्ट यांना सारकँड्राच्या मुळांच्या लाकडात नळ्या आढळल्या. म्हणजे स्वामींचा निष्कर्ष संपूर्ण झाडाला लागू नव्हता. मला यात त्यांचा कमीपणा दिसत नाही. पेशींमधली भिंत शाबूत आहे की नाही, इतका नेमका प्रश्न त्यांनी मांडला होता, म्हणूनच पुढच्या माणसाला तो पुन्हा तपासता आला.

तेव्हा मित्रांनो, प्रयोगशाळेत खोडाचा उभा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवाल, तेव्हा आडवी भिंत स्वतः शोधा. दिसेल तेच वहीत काढा. पुस्तकातली आकृती नंतर उघडा.