आधी भाकर, मग वाट

आजचे वाचन : १ राजे १९:१-८



पंधरा दिवसांच्या सेवेसाठी मी धाराशिव जिल्ह्यात आलोय. दिवस घरभेटी आणि मुलांच्या वर्गात जातो. रात्री मात्र मन खचतं. घरून फोन आला की सगळं छान चाललंय, असंच सांगतो. सेवेला आलेल्या माणसाने रडायचं कसं? अशा वेळी मला सॅम्युएल न्यूएल आठवतो.

फेब्रुवारी १८१२ मध्ये तो आणि त्याची नवविवाहित पत्नी हॅरिएट अमेरिकेहून भारतात सेवेसाठी निघाले. कलकत्त्याला पोचले, पण ईस्ट इंडिया कंपनीने राहू दिलं नाही. मग मॉरिशसची वाट धरली. त्या प्रवासात जहाजावरच त्यांना मुलगी झाली आणि पाच दिवसांत देवाघरी गेली. ३० नोव्हेंबरला पोर्ट लुईसमध्ये हॅरिएटही क्षयाने गेली. वय अवघं १९.

सॅम्युएल एकटाच सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेला. तिथे त्याने सेवा केली, पण सोबत आलेल्यांपैकी जवळ कुणी नव्हतं. त्याच मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत होते. त्यांनाही परत पाठवायचा हुकूम झाला होता, पण शेवटी राहायची परवानगी मिळाली. १८१४ मध्ये न्यूएल त्यांच्याकडे आला. पुढच्याच वर्षी नॉट आजारपणामुळे मायदेशी परतला. न्यूएल आणि हॉल मात्र एकमेकांच्या साथीने आपल्या मराठी लोकांत काम करत राहिले. ३० मे १८२१ रोजी मुंबईतच कॉलऱ्याने न्यूएलचा अंत झाला.

एवढं दुःख सोसून तो सात वर्षं मुंबईत टिकला. मला वाटतं, त्यात सोबत्यांचा मोठा वाटा होता.

आजच्या वचनातला एलीया बघा. रतामाच्या झुडपाखाली बसून तो मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. त्याला झोपू देतो, दूताकरवी भाकर आणि पाणी देतो, तेही दोनदा. मगच होरेबची वाट. खचणं म्हणजे विश्वास गमावणं नव्हे.

काल रात्री मी आमच्या टीममधल्या दादांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. चहा ठेवला, मग माझ्यासाठी प्रार्थना केली. कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. तुमच्या मनावर ओझं असेल तर आजच कुणाला तरी सांगा.

प्रार्थना : हे प्रभू, थकलो की लपायला नको, बोलायला शिकव. आणि दुसरा थकला की त्याच्याजवळ बसायला मला पाठव. आमेन.