महाराणी व्हिक्टोरिया यांचा अंतकाल

महाराणी व्हिक्टोरिया यांचा जन्म १८१९ साली झाला, अठरा वर्षांच्या असता त्या गादीवर बसल्या, १८७७ साली दिल्ली येथील दरबारात त्यांची कैसर-इ-हिंद ही पदवी जाहीर झाली, आणि एकंदर त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ त्यांनी राज्य केले. हे सारे आमच्या विद्यार्थ्यांस इतिहासाच्या पुस्तकांतून ठाऊक आहेच; म्हणून ते येथेच आटोपून त्यांच्या अखेरच्या दिवसांकडे आम्ही वळतो. एवढ्या सत्ताधीश बाईच्या शेवटच्या इच्छांचे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे.

१९०० हे साल राणीसाहेबांस फार दुःखाचे गेले. जुलैत पुत्र आल्फ्रेड वारले. ऑक्टोबरात एक नातू दक्षिण आफ्रिकेतील युद्धभूमीवर तापाने गेला. दृष्टी मंदावली होती, अन्न जात नव्हते. डिसेंबरात त्या वाइट बेटावरील ऑस्बोर्न येथील आपल्या वाड्यात येऊन राहिल्या. वयाच्या तेराव्या वर्षापासून चालविलेली रोजनिशी १३ जानेवारी १९०१ रोजी थांबली. डॉक्टर जेम्स रीड हे वीस वर्षे त्यांची प्रकृती पाहत होते. परंतु राणीसाहेबांचा संकोच असा की, त्यांना बिछान्यावर पडलेल्या रीड यांनी प्रथम पाहिले ते या अखेरच्या आठवड्यात!

१९ तारखेस दुखण्याची बातमी प्रसिद्ध झाली. मुले, नातवंडे जमली. जर्मनीचे बादशहा विल्यम हे त्यांचे नातू. तेही धावून आले. २२ जानेवारीस एका बाजूने रीड व दुसऱ्या बाजूने बादशहा असे दोघे त्यांना सावरून धरून होते. बादशहांचा डावा हात जन्मापासून लुळा असल्यामुळे त्यांना बाजू बदलता येईना; तरी ते सुमारे अडीच तास हलले नाहीत. पुढे १९१४ साली ज्यांच्याशी इंग्लंडचे युद्ध जुंपले, तेच हे गृहस्थ. विंचेस्टरचे बिशप डेव्हिडसन उशाशी प्रार्थना करीत होते. सायंकाळी साडेसहा वाजता राणीसाहेबांनी देह ठेवला. वय एक्याऐंशी होते.

आपल्या उत्तरक्रियेची सर्व व्यवस्था त्यांनी १८९७ सालीच लिहून ठेवली होती. चाळीस वर्षे काळी वस्त्रे वापरणाऱ्या या विधवेने आपल्या प्रेतयात्रेत मात्र काळा रंग नको असे सांगितले होते. त्याप्रमाणे त्यांना शुभ्र वस्त्र नेसवून विवाहाच्या दिवशीची जाळीदार ओढणी घातली. आणखी काही सूचना गुप्त होत्या. त्या रीड यांच्या कागदपत्रांवरून १९८७ साली जगास कळल्या. पती आल्बर्ट यांचा अंगरखा व त्यांच्या हाताचा साचा पेटीत ठेवण्यात आला; आणि जॉन ब्राउन या स्कॉटिश सेवकाचे छायाचित्र व केसांची बट राणीसाहेबांच्या डाव्या हातात देऊन, घरच्या मंडळींस दिसू नये म्हणून वर फुले ठेविली. डॉक्टरांनी शब्द पाळला.

१ फेब्रुवारीस लढाऊ जहाजांच्या रांगेमधून शवपेटी समुद्रापार नेली. दुसऱ्या दिवशी लंडनमधून मिरवणूक निघाली. सैनिकाची कन्या म्हणून तोफेच्या गाड्यावरून आपणांस न्यावे अशी राणीसाहेबांची इच्छा होती. विंडसरच्या स्टेशनावर थंडीत ताटकळलेले घोडे बिथरले व साज तुटला. तेव्हा आरमारातील खलाशांनी दोर लावून तो गाडा स्वतः ओढला. या अपघातातूनच रीत पडली. २०२२ साली दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा गाडाही खलाशांनीच ओढला. ४ फेब्रुवारीस फ्रॉगमोर येथे पतीशेजारी त्यांचे दफन झाले. या थाटाचे वर्णन वाचताना, इकडे १८९९-१९०० चा घोर दुष्काळ नुकताच होऊन गेला होता व मुंबई इलाख्यात प्लेग चालू होता, हे आम्हांस विसरता येत नाही.

आता एक गोष्ट राहिली. आग्र्याचे अब्दुल करीम १८८७ साली खिदमतगार म्हणून विलायतेस गेले व राणीसाहेबांचे मुन्शी झाले. उतारवयात त्यांच्याकडून राणीसाहेब हिंदुस्तानी लिहावयास शिकल्या. ते अगदी निर्दोष होते असे नव्हे. वडिलांचा हुद्दा त्यांनी वाढवून सांगितला होता. परंतु दरबारी मंडळींचा मुख्य राग होता तो त्यांच्या वर्णावर व जातीवर, असे आमचे मत आहे. नवे राजे सातवे एडवर्ड यांनी पेटी बंद होण्यापूर्वी त्यांना अंत्यदर्शन घेऊ दिले, विंडसरच्या मिरवणुकीतही चालू दिले. इतके त्यांचे सौजन्य. मग थोड्याच दिवसांत मुन्शींच्या घरी माणसे आली. आईने मुलास लिहावीत तशी जी पत्रे राणीसाहेबांनी त्यांना लिहिली होती, ती सर्व मागून घेऊन घरच्या माणसांच्या देखत जाळून टाकली, व त्यांना हिंदुस्थानात परत जाण्याचा हुकूम झाला. खुद्द राणीसाहेबांच्या रोजनिशीचीही तीच गत झाली; धाकट्या कन्येने निवडक मजकूर उतरून घेऊन मूळ वह्या नष्ट केल्या.

मुन्शी १९०९ साली आग्र्यास वारले. राणीसाहेबांच्या हिंदुस्तानी धड्यांच्या तेरा वह्या मात्र आगीतून वाचल्या. त्या विंडसर येथे जपून ठेविल्या आहेत.