अमीर अलीचा निर्माता : कर्नल मेडोज टेलर

प्रत्येक समाज आपापले राक्षस निर्माण करीत असतो. आपल्या पुराणांत रक्तबीज आहे, हिरण्यकशिपू आहे. गावोगावच्या आजीबाईंच्या गोष्टींत खवीस, वेताळ आणि हडळ आहेत. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वाङ्मयानेही असे दोन राक्षस जगाला दिले. 1818 मध्ये मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीतून शास्त्रज्ञाने घडविलेला निनावी जीव आला, आणि 1897 मध्ये ब्रॅम स्टोकरचा काउंट ड्रॅक्युला. या दोहोंच्या मधल्या काळात, 1839 साली, त्याच वाङ्मयात तिसरा राक्षस अवतरला. तो प्रयोगशाळेतून आला नव्हता की कबरीतूनही उठला नव्हता. चारचौघांसारखा दिसणारा, गोड बोलणारा, प्रवाशांना सोबत देणारा हा मनुष्य कमरेचा रुमाल गळ्याभोवती टाकून क्षणार्धात त्यांचा जीव घेई. त्याचे नाव अमीर अली, व्यवसाय ठगी. त्याला जन्म देणारा लेखक लंडनमध्ये बसून पूर्वेकडची स्वप्ने पाहणारा नव्हता. आपल्या हैदराबादच्या निजामाच्या नोकरीत आयुष्य घालविलेला तो एक लष्करी अधिकारी होता. फिलिप मेडोज टेलर हे त्याचे नाव.

टेलरचा जन्म 25 सप्टेंबर 1808 रोजी लिव्हरपूल येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. घरची स्थिती खालावली, शिक्षण अर्धवट राहिले, आणि अवघ्या पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नशीब काढण्यासाठी त्याची हिंदुस्थानात रवानगी झाली. 1824 मध्ये तो मुंबईस उतरला तेव्हा त्या पेढीचीच अवस्था बिकट असल्याचे आढळले. मुंबई सरकारात वरिष्ठ पदावर असलेल्या न्यूनहॅम या आप्ताने मध्यस्थी केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस या मुलाला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, तो रुजू झाला. कंपनी सरकारचा तो नोकर नव्हता, ही गोष्ट त्याच्या चरित्रात फार महत्त्वाची आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या उतरंडीत त्यामुळे त्याला नेहमी खालची पायरी मिळाली. पण या मुलखातील माणसांच्या अधिक जवळ तो गेला तेही त्यामुळेच. हिंदुस्थानी आणि फारसी तो शिकला, पुढे मराठीतही रयतेशी बोलू लागला. हैदराबादेतील प्रसिद्ध पेढीवाला विल्यम पामर याच्या मेरी या मुलीशी त्याचा विवाह झाला. पामरची आई हिंदी मुसलमान घराण्यातील होती. अर्थात टेलरच्या मुलींच्या अंगातही या देशाचे रक्त होते.

वयाची विशी गाठण्याच्या सुमारास त्याच्याकडे निजामी मुलखाच्या नैर्ऋत्य भागातील पोलिसांचे काम आले. तुळजापूरच्या बाजूचा हा प्रदेश त्या वेळी मोगलाई म्हणून ओळखला जाई. रस्त्याकडेला प्रेते सापडत. परंतु कोणाची फिर्याद नसे, कोणी साक्षीदार नसे. दूरदेशीचा प्रवासी मेला तर त्याची वाट पाहणारे शेकडो कोसांवर असत. टेलरने शोध सुरू केला, आणि काही धागे हाती येतात न येतात तोच त्याला पुन्हा पलटणीत बोलावण्यात आले. पुढे मध्य हिंदुस्थानात विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने ठगांच्या टोळ्या उघडकीस आणल्या. हाती आलेली संधी अशी निसटल्याची खंत टेलरला जन्मभर वाटत राहिली. आत्मचरित्रात त्याने ती लपविलेली नाही.

स्लीमनच्या तपासातून जे बाहेर आले त्याने गोऱ्या अंमलदारांची झोप उडाली. नरसिंगपूर येथे स्लीमनच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावरील गावात ठगांची वस्ती होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. आपल्या हिंगोलीची हकीकत तर याहून विलक्षण आहे. तेथील छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. मुंबईहून कापड आणावयाचे आहे असे सांगून त्याने छावणीच्या अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला. कापड खरोखरच येत होते, पण ते दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते. हरिसिंगाने वाटेत त्या व्यापाऱ्याचा, त्याच्या नोकरांचा व गाडीवानांचा खून केला, आणि सरकारी परवान्याच्या आधारे तो माल छावणीत आणून उजळ माथ्याने विकला. पकडला गेल्यावर त्यानेच सांगितले म्हणून ही गोष्ट कळली. छावणीच्या पहाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पुरलेली प्रेतेही पुढे उकरून काढण्यात आली.

1832च्या सुमारास टेलरला माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या घेण्याचे काम मिळाले. हे लोक आपल्या कृत्यांचे वर्णन शांतपणे, किंबहुना कारागिराच्या अभिमानाने करीत. ते ऐकून तो जसा हादरला तसाच मोहितही झाला. 1837 मध्ये आजारातून उठत असता त्याने या जबान्यांना कादंबरीचे रूप दिले. रजेवर तो इंग्लंडला गेला आणि 1839 साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर लेखकाच्या नावापुढे निजामाच्या सेवेतील कॅप्टन असा उल्लेख होता. नुकतीच गादीवर आलेली राणी व्हिक्टोरिया या पुस्तकासाठी इतकी उत्सुक होती की, छापून होणारे फर्मे तिच्याकडे पाठवावे लागत, असे टेलरने नमूद केले आहे. ते पुस्तक रातोरात गाजले.

या कादंबरीचे सामर्थ्य कशात आहे? ती राक्षसाच्याच तोंडून सांगितलेली आहे. मेरी शेलीच्या कादंबरीतही तो भयानक जीव काही काळ आपली कैफियत मांडतो. पण येथे आरंभापासून शेवटपर्यंत अमीर अलीच बोलतो आणि एक साहेब ऐकत असतो. लहानपणी ठगांनी त्याच्या आईबापांना मारलेले असते, आणि मारणाऱ्यांपैकीच इस्माईल त्याला पोटच्या मुलासारखे वाढवितो. निर्मळ, उमरखेड, हैदराबाद अशा आपल्या परिचयाच्या गावांतून कथा हिंडते. शेकडो खून पचविलेला हा माणूस बायकोमुलांवर जीव टाकतो, मित्रांशी इमान राखतो. आपल्या हातून आपली सख्खी बहीणच मारली गेली हे त्याला फार उशिरा कळते. वाचकाला त्याची शिसारी येते आणि पुढच्याच पानावर त्याच्याविषयी करुणाही वाटते. केवळ भीती घालणाऱ्या लेखकाला हे साधत नाही.

ठगांची स्वतःची उत्पत्तिकथाही मोठी उद्बोधक आहे. रक्तबीजाशी लढताना त्याच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा असुर उठू लागला, तेव्हा देवीने आपल्या घामातून दोन पुरुष निर्माण केले आणि रक्त न सांडता असुरांना मारण्यासाठी त्यांच्या हाती रुमाल दिला. त्यांचेच आपण वंशज, असे ते सांगत. म्हणजे जगाने ज्यांना राक्षस ठरविले ते स्वतःला राक्षसांचे मारेकरी समजत होते. वेरूळच्या लेण्यांत इतर धंद्यांबरोबर आपलाही धंदा कोरलेला आहे, असेही काही ठग स्लीमनला सांगत. वेरूळ पाहिलेल्या कोणाही मराठी माणसाला तेथे काय कोरले आहे ते ठाऊक आहे. पण साहेबांना ही कथा खरी वाटली, कारण ती त्यांना हवी होती.

टेलरचे उर्वरित आयुष्य मात्र अशा भयकथांपासून दूर, कारभारात गेले. 1840 मध्ये तो हिंदुस्थानात परतला आणि अनेक वर्षे लंडनच्या 'टाइम्स'साठी बातमीपत्रे लिहीत राहिला. लवकरच सुरपूर या बेरड राजांच्या संस्थानाचा कारभार त्याच्याकडे आला. राजा व्यंकटप्पा नायक अल्पवयीन होता, राणी ईश्वरम्मा करारी होती, तिजोरी रिकामी होती. टेलरने 1853 पर्यंत तेथे राहून घडी बसविली. बालराजा त्याला अप्पा म्हणे. रयत त्याला महादेव बाबा म्हणू लागली. त्या परिसरातील प्राचीन दगडी वर्तुळे व दफनस्थाने त्याने काळजीपूर्वक उकरली आणि त्यांची आरेखने प्रसिद्ध केली. दक्षिणेतील पुरातत्त्वाच्या अभ्यासात हे काम आजही आदराने उल्लेखिले जाते.

1853च्या तहान्वये नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे आला आणि टेलर तेथे डेप्युटी कमिशनर झाला. धाराशिव, तुळजापूरचा हा मुलूख त्याने पायाखाली घातला; जमिनीची मोजणी केली, रस्ते आखले. नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीच्या बंधाऱ्यातील पाणीमहाल यांचे वर्णन त्याने आत्मचरित्रात मनापासून केले आहे. 1857च्या धामधुमीत त्याची बुलढाण्यास बदली झाली आणि उत्तर वऱ्हाड त्याने शांत राखला. परंतु त्याच बंडात सुरपूरचा तरुण राजा सापडला. 1858 मध्ये शिक्षेसाठी नेले जात असता राजाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो चोविसावे वर्ष पार करणार नाही असे त्याच्या पत्रिकेत होते, आणि हे गुपित टेलरला पूर्वीच सांगण्यात आले होते. ज्याला मुलासारखे वाढविले त्याच्या संस्थानाची निरवानिरव करण्याचे काम टेलरच्याच वाट्याला आले.

1860 मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे तो मायदेशी गेला. तेथे त्याने 1657, 1757 आणि 1857 या तीन सालांभोवती तीन कादंबऱ्या रचल्या. त्यांतील पहिली 'तारा' (1863). शिवछत्रपतींच्या उदयकाळाची ही कथा तुळजापूर आणि विजापूर येथे घडते. 1875 मध्ये सालारजंगांच्या निमंत्रणावरून तो पुन्हा हैदराबादेस आला. पण दृष्टी गेली, प्रकृतीने साथ दिली नाही. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील मेंतों येथे 13 मे 1876 रोजी त्याचे निधन झाले. त्याचे आत्मचरित्र मुलीच्या संपादनाखाली पुढच्या वर्षी निघाले.

लेखक गेला तरी त्याने घडविलेला राक्षस जगतो, हे मेरी शेलीच्या बाबतीत जितके खरे, तितकेच टेलरच्या. 1939च्या 'गंगा दीन' या हॉलीवूडपटात ठग देवीचे वेडे भक्त झाले. 1959 मध्ये इंग्लंडच्या हॅमर कंपनीने 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे' काढला. त्याचा दिग्दर्शक टेरेन्स फिशर हा आदल्याच वर्षी 'ड्रॅक्युला' काढून गाजलेला होता. एकाच कारखान्यातून रक्तपिपासू काउंट आणि हिंदुस्थानी ठग बाहेर पडावेत, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. 1984च्या 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम'मध्ये अमरीश पुरी यांनी साकारलेला मोलाराम जिवंत माणसाचे काळीज हाताने उपटतो. आपल्याकडे चित्रीकरणाची परवानगी न मिळाल्याने तो चित्रपट श्रीलंकेत चित्रित झाला. अमीर अलीजवळ निदान बायको, मुले, मित्र आणि पश्चात्ताप तरी होता. पडद्यावरील ठगाजवळ यांतले काहीच उरले नाही.

राक्षसकथेची किंमत केवळ पडद्यावर चुकवावी लागली असती तर फारसे बिघडले नसते. 1836च्या कायद्याने, एखादा मनुष्य ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला जन्मठेप देता येऊ लागली. कोणता खून केला हे दाखविण्याची गरज उरली नाही. गुन्हा रक्तातून उतरतो, ही समजूत या प्रकरणाने दृढ केली, आणि 1871च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. हा शिक्का कायद्याने पुसला गेला तो 1952 मध्ये. लोकांच्या मनातून तो अद्यापि पुरता गेलेला नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (1980) आणि लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (1987) वाचताना हे पानोपानी जाणवते. टेलरच्या नळदुर्गपासून धनेगाव काही फार दूर नाही.

मग ठग होते की नव्हते? उकरून काढलेली प्रेते खोटी नव्हती. वाटेवर दगा देऊन गळा आवळणाऱ्या टोळ्या होत्याच. परंतु अलीकडच्या इतिहासकारांनी, विशेषतः 2007 मध्ये किम वॅग्नर यांनी, दाखविले आहे की देशभर पसरलेला, एकाच देवीला वाहिलेला, पिढीजात गुप्तपंथ हे चित्र बरेचसे माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभे होते. साहेबाला रुचेल ते सांगण्यात त्यांचा जीव वाचत होता. मोडलेल्या फौजांतून बेकार झालेले शिपाई, दुष्काळ, लुटीत वाटा घेणारे जमीनदार ही कारणे धर्मकथेइतकी रंजक नव्हती, म्हणून ती मागे पडली. ठगांत हिंदू होते तसे मुसलमानही होते, हेही त्या कथेत अडचणीचेच होते.

टेलरला या साऱ्याचा गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे होईल. त्याने कायदा केला नाही, आणि ज्या रयतेवर अंमल केला तिने त्याला बाबा म्हटले. तरीही त्याच्या लेखणीतून उतरलेला ठग त्याच्या आटोक्यात राहिला नाही, हे नाकारता येत नाही. ज्याने सुरपूरचा बेरड, नळदुर्गचा कुणबी, हैदराबादचा मुसलमान सरदार इतक्या जवळून पाहिला, त्याच्याच पुस्तकातून परक्या जगाने हिंदी माणसाविषयीचे भय तेवढे उचलले.

शंभर वर्षांच्या ग्रंथालयात राक्षसांचीही पुस्तके असतात आणि ज्यांना राक्षस म्हटले गेले त्यांचीही. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' वाचावे, ते जरूर वाचण्यासारखे आहे. मात्र ते परत करताना 'उचल्या' घरी न्यावे. अमीर अली आपली कथा साहेबासमोर, बेड्या घालून सांगत होता. दीडशे वर्षांनंतर त्याच मुलखातील एका माणसाने आपली कथा आपल्याच भाषेत, कोणाच्या माफीची अपेक्षा न ठेवता सांगितली. या दोन पुस्तकांमधील अंतर आपल्या वाचकांनी एकदा तरी स्वतः चालून पाहावे.