हार्ड डिस्कचे जनक : रेनॉल्ड जॉन्सन सर

रेनॉल्ड जॉन्सन यांचा जन्म १९०६ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, स्वीडनहून आलेल्या कुटुंबात झाला. पुढे मिशिगन राज्यातील आयर्नवुड गावी ते शाळेत विज्ञान शिकवू लागले. म्हणून आम्ही त्यांना सरच म्हणणार. उत्तरपत्रिका तपासण्यात किती वेळ जातो, हे आम्हा शिक्षकमंडळींना वेगळे सांगायला नको. त्यांना यावर लहानपणीची एक खोडी उपयोगी पडली. बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारीच्या स्पार्क प्लगवर ते पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवीत. रेघेतून वीज निसटून जाई आणि गाडी काही केल्या सुरू होत नसे! मग पेन्सिलीने केलेल्या उत्तराच्या खुणाही विजेने मोजता येतील, हे त्यांनी ओळखले व तसे यंत्र बनवले. १९३४ मध्ये आयबीएम कंपनीने त्यांना नोकरीवर घेतले.

१९५२ मध्ये कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे नवी प्रयोगशाळा उभारायला पाठवले. त्या काळी माहिती छिद्रांच्या कार्डांवर किंवा फितीवर असे. फितीच्या मधली एक नोंद हवी असली तरी आधीची सगळी फीत सरकवावी लागे. सरांच्या चमूने त्याऐवजी फिरत्या चुंबकीय चकत्या घेतल्या. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, त्यांवर ५० लाख अक्षरे. वाचणारे टोक चकतीला घासू नये म्हणून मध्ये दाबाने हवा सोडलेली. १९५६ मध्ये रॅमॅक या नावाने हे यंत्र जगापुढे आले. वजन एक टनाच्या वर!

आज हार्ड डिस्क तळहातावर मावते आणि स्वतःची ओळखही सांगते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने एचडीपार्म, मग वजाचिन्ह लावून मोठ्या लिपीतला आय आणि शेवटी डिस्कचे नाव लिहिले की मॉडेल, अनुक्रमांक, फर्मवेअर व क्षमता पडद्यावर येते. पेटी उघडावी लागत नाही. एकसारख्या दोन डिस्कांपैकी बिघडलेली कोणती, हे अनुक्रमांकावरूनच कळते. अंदाजाने चांगली डिस्क काढून पुसली, तर वर्षभराचे निकालपत्रकही हातचे जायचे. म्हणून संगणक कक्षाच्या साठा-नोंदवहीत विद्यार्थ्यांनी हे अनुक्रमांक जरूर लिहावेत.

जॉन्सन सर १९७१ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या नावावर ९० हून अधिक पेटंट होती. १९८६ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. निवृत्तीनंतरही शिक्षक काही सुटला नाही. वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या बोलक्या पुस्तकांसाठी त्यांनी लहानसे ध्वनियंत्र तयार केले. १९९८ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.