दारोदार फिरून माणसं मोजणारा विद्वान : ड्यू बॉइस

शिक्षक बंधू-भगिनींनो, जनगणनेची ड्यूटी आपल्यापैकी अनेकांनी केली आहे. कुणी पाणी देतं, कुणी दारच उघडत नाही. पालकहो, तुमच्याही दारात प्रगणक येऊन गेले असतील. म्हणूनच डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांची ओळख करून द्यावीशी वाटते.

जन्म २३ फेब्रुवारी १८६८, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ग्रेट बॅरिंग्टन गावी. आईने कष्टाने वाढवलं. १८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

त्या काळची जनगणना कशी होती बघा. १८९० मध्ये कृष्णवर्णीयांचे चार प्रकार लिहायचे होते. काळ्या रक्ताचा अंश तीन चतुर्थांश किंवा जास्त असेल तर 'ब्लॅक', साधारण निम्मा असेल तर 'मुलाटो', पाव असेल तर 'क्वाड्रून', आणि एक अष्टमांश किंवा त्याहून कमी, पण थोडासा तरी असेल तर 'ऑक्टोरून'. आता सांगा, दारात उभं राहून हे कसं कळणार? प्रगणक चेहरा बघून ठरवायचा! पुढच्या जनगणनेत ही विभागणी गाळलीच.

याच जनगणनेत फिलाडेल्फिया शहराच्या साडेदहा लाखांच्या आसपास लोकसंख्येत ३९,३७१ कृष्णवर्णीय मोजले गेले. आकडा मिळाला, पण त्यांची हलाखी का, ते आकड्यात नव्हतं. शहरातल्या प्रतिष्ठितांनी तर दोष त्यांच्याच माथी मारून ठेवला होता.

१८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ड्यू बॉइस यांना अभ्यासासाठी नेमलं. पद अगदी दुय्यम. नवविवाहित पत्नी नीना यांना घेऊन ते थेट सातव्या वॉर्डातच राहायला गेले आणि स्वतः घरोघरी फिरले. जवळजवळ अडीच हजार कुटुंबं! जन्म कुठला, काम काय, भाडं किती, लिहिता-वाचता येतं का, सगळं विचारलं. सुरुवातीला लोकांना हा सुटाबुटातला माणूस परकाच वाटला. आपलीच चौकशी कशाला, हा त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

उत्तर मात्र स्पष्ट मिळालं. निम्म्याहून अधिक लोक दक्षिणेतून आलेले. हातात कसब असूनही कारखान्याचं, दुकानाचं दार बंद, म्हणून घरगडी किंवा मोलकरीण व्हायचं. वर भाडं जास्त. शिवाय सगळे एकसारखे गरीबही नव्हते. त्यांनी घरांच्या परिस्थितीनुसार चार गट करून वॉर्डाचा रंगीत नकाशाच काढला. 'द फिलाडेल्फिया निग्रो' हा ग्रंथ १८९९ मध्ये आला.

त्याच वर्षी ते अटलांटात शिकवत असताना सॅम होज या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने हालहाल करून मारलं. महिन्याभरात त्यांचा दोन वर्षांचाही न झालेला मुलगा घटसर्पाने गेला. नुसते आकडे मांडून हे थांबणार नाही, असं त्यांना वाटू लागलं. तरी आकडे सोडले नाहीत. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांसोबत हाताने रंगवलेले आलेख पाठवले. आलेख शिकवताना ते वर्गात जरूर दाखवा, मुलं बघतच राहतात. १९०९ मध्ये मात्र 'एनएएसीपी' संघटनेच्या स्थापनेत ते उतरले आणि पुढे तिचं 'द क्रायसिस' मासिक त्यांनी चालवलं.

१९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं.

उतारवयात ते घानाला गेले, आफ्रिकेच्या विश्वकोशाचं काम घेऊन. २७ ऑगस्ट १९६३ रोजी, ९५ व्या वर्षी, अक्रा इथे त्यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्कांसाठी लाखोंचा मोर्चा जमला होता. त्याच व्यासपीठावरून ही बातमी सांगण्यात आली.